माशीची उंची

पाचही गोळ्या कागदावरच्या ठिपक्याच्या चार बोटं खाली लागल्या. पण लागल्या त्या एकमेकींना खेटून, कपाच्या तोंडाएवढ्या जागेत.

"डेल्बर्ट, तुझा हात अजून तसाच आहे रे!" नेम धरलेलं रिव्हॉल्व्हर खाली करत प्रुइट मास्तर खूश होऊन म्हणाले. ओहायोतल्या त्या गावात तीस वर्षं हेडमास्तर होते ते. रिव्हॉल्व्हर त्यांच्या आजोबांचं. खिशातून काढताना अडकते म्हणून आजोबांनी नळीच्या टोकावरची माशी, नेम धरायची ती, घासून सपाट करून टाकली होती. इतक्या जुन्या मॉडेलची माशी बाजारात कुठेच मिळेना. मग ती पोलादाच्या तुकड्यातून कापून, घडवून, नळीत खाच पाडून बसवावी लागली. नऊ दिवसांचं काम.

ते नदीननं केलं होतं. तिच्या बापाचे, डेल्बर्टचे, हात चार वर्षांपासून थरथरत होते. बंदूकदुरुस्तीच्या दुकानातलं सगळं काम तीच करायची. दारावरची पाटी तेवढी त्याची होती. आज नाश्त्याला ती म्हणाली होती, "डॅड, आज मास्तरांना सांगून टाका. काम नदीनचं आहे, एवढंच." "सांगतो," तो म्हणाला होता.

आता दुकानामागच्या मातीच्या बांधासमोर तो जॅकेटच्या खिशात हात घालून उभा होता. मास्तरांच्या कौतुकावर तो नुसता हसला.

"जरा खाली जातायत पण," मास्तर म्हणाले.

"जायलाच हव्यात," नदीन म्हणाली. "माशी मुद्दाम उंच ठेवलीय. तुमच्या नजरेला बसेल तेवढी आत्ता घासायची. घासली की गोळी वर चढते." तिनं रिव्हॉल्व्हर रिकामं केलं, चामडं लावून बाकावरच्या शिकंज्यात आवळलं आणि बारीक कानस उचलली. कानसेचे तीन हात पुरले असते. फार तर चार.

"नाही नाही, हे डेल्बर्टलाच करू दे," मास्तर म्हणाले. "माझ्या आजोबांची वस्तू आहे ती."

नदीननं बापाकडे पाहिलं. सांगायला याहून चांगली वेळ नव्हती. डेल्बर्टनं खिशातून हात बाहेर काढला.

"आण इकडे."

"डॅड, थांबा ना जरा."

"कानस दे म्हटलं ना!"

परक्या माणसासमोर बापाशी ओढाताण करणं तिला जमलं नाही. तिनं कानस दिली.

मास्तर पाठमोरे होऊन डब्यातल्या गोळ्या निवडत होते. डेल्बर्टनं मनगट शिकंज्यावर दाबून धरलं. पहिला हात नीट गेला. दुसराही. तिसऱ्याला कानस घसरली आणि माशीचा कोपरा खरवडून गेली. तो खड्डा झाकायला त्यानं आणखी दोन हात मारले. मग आणखी दोन. नदीननं मान फिरवली. पण कानसेचा आवाज कानावर येतच होता, आणि पोलाद किती गेलं ते तिला आवाजावरून कळत होतं.

"बघा आता," डेल्बर्ट म्हणाला.

मास्तरांनी नेम धरला. पहिली गोळी कागदाच्या वरच्या चौकटीत घुसली. दुसरी कुठे गेली ते कळलंच नाही. त्यांनी तिसरी झाडली नाही. रिव्हॉल्व्हर डोळ्यांजवळ नेऊन ते माशीकडे बघत राहिले, मग डेल्बर्टकडे.

डेल्बर्टचे दोन्ही हात पुन्हा खिशात गेले होते.

"खरं सांगू का मास्तर," तो म्हणाला. "हे काम माझं नाही. नदीनचं आहे. सगळं तिनं एकटीनं केलंय."

नऊ दिवस ती याच वाक्याची वाट बघत होती. सकाळी ठरलं होतं तेच वाक्य; उलट थोडं जास्तच बोलला होता तो.

"तरीच!" मास्तरांच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. "म्हटलं, डेल्बर्टच्या हातून असं कसं होईल?" मग त्यांना तिचीही दया आली. सत्तेचाळीस वर्षांच्या नदीनच्या पाठीवर त्यांनी हलकेच थोपटलं. "असू दे गं. मनाला लावून घेऊ नकोस. दुसरी कर, मला काही घाई नाही."

नदीननं त्यांच्या हातातून रिव्हॉल्व्हर घेतलं आणि उरलेल्या गोळ्या काढायला लागली.

"शिकव तिला, डेल्बर्ट," मास्तर म्हणाले. "तू आहेस तोवर शिकव."

"शिकवतोय की," डेल्बर्ट म्हणाला.