देवाचा मेंढा

खाली पाऊस होता, वर बर्फ, आणि मधल्या उघड्या उतारावर फिंजो आपल्या कातरलेल्या मेंढरांसह अडकला होता. कात्री परवाच फिरली होती. मेंढरांची अंगं नुकत्याच न्हाऊ घातलेल्या पोरांसारखी गुलाबी दिसत होती.

माघारी जायला वाट उरली नव्हती. नाला लाल होऊन फुगला होता आणि त्यावरचा लाकडी पूल सकाळीच वाहून गेला होता. पुढे खिंडीवर ढग बसला होता. मधेच त्याची कड उचलायची आणि पांढरा झालेला डोंगर दिसायचा, दर वेळी थोडा आणखी खालपर्यंत.

"दाजी, काफळं पिकली का हो?" लुदरने विचारलं. लुदर म्हणजे फिंजोच्या बायकोचा धाकटा भाऊ. कळपातली निम्मी मेंढरं त्याची होती.

रानातल्या काफळांना लाल रंग चढल्याशिवाय मेंढराला कात्री लावायची नाही, हे हिमालयातल्या गद्दी मेंढपाळांत दूधपित्या पोरालाही ठाऊक असतं. पण यंदा चैत्रातच ऊन असं तापलं की मेंढरं धापा टाकायला लागली, आणि फिंजोला सगळ्यांच्या आधी खिंडीपलीकडच्या गवतावर पोचायचं होतं. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय!

"नसतील पिकली," लुदर म्हणाला. "हिरवीच असतील. मी आपलं सहज विचारलं."

"विचारून झालं ना? मग आता त्यांच्या पाठी चोळ."

दोघंही चोळत होते. लुदरने झग्यात छातीपाशी दोन कोकरं कोंबली होती, त्यांची तोंडं तेवढी बाहेर. वारा सुटला तशी एक म्हातारी मेंढी पाय दुमडून खाली बसली.

"उठव तिला! बसली की संपली!" फिंजो ओरडला.

लुदरने तिला उठवलं. ती पुन्हा बसली.

तेव्हा फिंजोला कातरलेल्या लोकरीच्या पोत्यांची आठवण झाली. लोकर न्यायला खेचरवाला येणार होता, तो नाल्यापलीकडेच राहिला असणार. पोती खडकाच्या कपारीत तशीच होती. फिंजोने सुरीने एकाची शिवण उसवली, कवेत मावेल तेवढी लोकर आणली आणि बसलेल्या मेंढीच्या पाठीवर पसरली. मग कमरेला वेढे देऊन बांधलेली काळी दोरी सोडली. ही दोरी गद्दी माणूस घराबाहेर कधी सोडत नाही. त्याच दोरीने फिंजोने मेंढीची लोकर मेंढीलाच बांधली.

लोकर पाणी प्यायली, जड झाली आणि दोरीखालून घसरून चिखलात पडली. पोत्यातली उरलेली वाऱ्याने उचलली. उतारावरून पांढरे गोळे गडगडत नाल्याकडे निघाले.

"दाजी, आता सुईपण काढा," लुदर म्हणाला. हसायला गेला, पण त्याचे ओठच हलेनात. मेंढी तोवर आडवी झाली होती.

फिंजो तिच्याकडे बघत राहिला. त्याला भीती वाटत होती, आणि ती लपवायचं त्राणही आता उरलं नव्हतं.

"देवाचा मेंढा आण," तो म्हणाला.

"इथं? दाजी, खिंडीतलं देणं खिंडीत द्यायचं असतं."

"खिंडीतून त्याला इथलं दिसत नाही होय? आण म्हणतो ना!"

देवाचा मेंढा काळा होता. जन्मला त्या दिवशीच तो खिंडीतल्या देवाच्या नावाने सोडलेला, म्हणून त्याला कात्री कधीच लागली नव्हती. लोकर गुडघ्यापर्यंत लोंबत होती. लुदरने त्याला शिंगाला धरून कपारीत ओढत आणलं. आत पाऊस लागत नव्हता. मेंढा निवांत रवंथ करत उभा राहिला.

रीत सोपी आहे. पाठीवर पाणी शिंपडायचं आणि वाट बघायची. जनावर थरथरलं की समजायचं, देवाने घेतलं. थरथरेपर्यंत सुरी लावायची नाही.

फिंजोने डोक्यावरची टोपी नीट केली. चार तांदूळ मेंढ्याच्या कपाळावर टाकले आणि खडकावरून गळणारं पाणी ओंजळीत धरून त्याच्या पाठीवर सोडलं. पाणी लोकरीवरून ओघळून गेलं. मेंढा रवंथ करत राहिला.

फिंजोने मानेवर पाणी घातलं. मग पोटाखाली. मग लोकर बोटांनी फाकवून आतल्या कातडीवर घालायला बघितलं, पण बोटं कातडीपर्यंत पोचलीच नाहीत.

"घे रे बाबा," तो पुटपुटला. "चुकलं माझं. मीच घाई केली. याला घे आणि थांब आता."

मेंढ्याने डोळे अर्धवट मिटले.

"त्याला काही जाणवतच नाहीये, दाजी," लुदर म्हणाला. "केवढी लोकर आहे अंगावर."

"आणखी पाणी आण."

"दाजी."

"पाणी आण म्हणतो ना!"

लुदर हलला नाही. तो कपारीच्या तोंडाशी उभा राहून बाहेर बघत होता. झग्यातली कोकरं त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

"इकडं या जरा," तो हळूच म्हणाला. आता त्याच्या आवाजात टोमणा नव्हता.

फिंजो सुरी हातात तशीच घेऊन त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला. पावसाचं बर्फ झालं होतं. उतारावर सगळा कळप माना आत घालून एकमेकांना चिकटून उभा होता, आणि या टोकाच्या मेंढीपासून त्या टोकाच्या मेंढीपर्यंत एकूण एक जनावर थरथरत होतं.