त्रिशुळावरचा रुमाल

मनीषनगरात जाऊन ऋषिकेशने मनगटावर केसासारख्या बारीक रेषांचा त्रिशूळ गोंदवून घेतला. तेव्हापासून दारू प्यायला बसला, की आधी त्यावर रुमाल बांधायचा. "महादेवाले नाही दिसलं पाहिजे गा," म्हणायचा. मग तसाच झोकांड्या खात घरी यायचा.

आज बुटीबोरीच्या कारखान्यात पत्र्याने तेच मनगट कापलं. जखमेवर रुमाल बांधून, दारूच्या थेंबालाही न शिवता, लेकीसाठी जिलबी घेऊन तो दिवसाउजेडी घरी आला. सहा वर्षांची ओवी दारात खेळत होती. रुमाल दिसताच ती आत पळाली.

"मम्मी, खिडक्या लाव! पप्पा रुमाल बांधून आले. शेजारी ऐकतीन!"

ऋषिकेशला बूट काढायचाही धीर होईना. आत एकेक खिडकी लागत होती.