पोट आत

शिंपीणबाईंच्या लेकीने अन्नपाणी टाकल्यासारखंच केलं होतं. डॉक्टरीणबाईंनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा शिंपीणबाई ठसक्यात म्हणाल्या होत्या, “शपथ घेते, तिला कुणी कधी जाड म्हटलेलं नाही!”

आज दुकानात एका गिऱ्हाइकाच्या कमरेला टेप लावताना त्या नेहमीसारख्या हसत म्हणाल्या, “ताई, पोट आत घ्या बघू! अंग जरा आवरलं, की कापड कसं खुलतं!”

बोलता बोलता नजर आरशात गेली. मागे बटणं लावत बसलेल्या लेकीने मान खाली ठेवूनच पोट आत ओढलं होतं, श्वाससुद्धा रोखला होता. रांगायला लागल्यापासून ती त्याच कोपऱ्यात बसत आली होती. तिला एकटीला वगळून त्यांनी सगळ्या जगाला ‘पोट आत घ्या’ म्हटलं होतं, तेही तिच्यादेखत.

त्यांच्या हातातली टेप सैल पडली.

“नको ताई, सोडा पोट. छान श्वास घ्या. मेलं कापडच सैल शिवते, त्यासाठी तर बसलेय इथे!”

मागे कोंडलेला श्वास सुटला.

“आई,” कित्येक महिने अंगाला टेप लावू न देणारी लेक म्हणाली, “माझंही माप घेशील? पण जेवण झाल्यावर.”