चार नखं

तू फक्त ऐक, मध्ये बोलू नकोस. आपला वेदांग प्लेक्ट्रम, म्हणजे तारा छेडायची ती प्लास्टिकची चकती, धरून गिटारवर काहीही वाजवायचा, लावणी म्हण, रॉक म्हण. पण सोमवारी नाटकाच्या वादकांची ऑडिशन होती, आणि तिथे नखांनी तारा छेडता येणारा हवा होता. म्हणून पठ्ठ्याने उजव्या हाताची चार नखं तीन महिने वाढवली. भांडी घासेना, तेव्हा आई म्हणाली, "नवरी आहेस का रे?"

आणि आदल्याच दिवशी मंडळाची कबड्डीची फायनल. एकाचा पाय मुरगळलेला, त्यामुळे वेदांगला धरून बरोब्बर सात जण. पंचांनी रांगेत सगळ्यांचे हात तपासले आणि याच्यापुढे नेलकटर धरलं.

"सर, उद्या कापली तर..."

"समोरच्याचा डोळा उद्यापर्यंत थांबेल का?"

कॅप्टन सोपानदा गुडघ्याची पट्टी सोडत होता, परत बांधत होता. वेदांगने कापली. चारही. आणि पहिल्याच चढाईत बाद झाला. मॅच एकट्या सोपानदाने काढली.

आता सोमवार. वेदांग हॉलच्या पायरीवर बसलाय. मांडीवर काडेपेटी, काडेपेटीत तीच चार नखं, हातात चिकटवायची ट्यूब. टोपण उघडतो, लावतो, पुन्हा उघडतो. नुसत्या बोटांनी वाजवलं तर आवाज दबका येणार. चिकटवली आणि गाण्याच्या मध्येच एक उडालं तर?

तेवढ्यात आतून त्याचं नाव पुकारतात.

खरं सांग, तू काय केलं असतंस?