कोणी खोडलं

फूलउत्पादक संघाच्या नाशिकच्या ऑफिसात २००३ साली सभासदांची यादी कॉम्प्युटरवर गेली. कुठली नोंद कोणी बदलली, कोणी खोडली, हे मशीन नावानिशी लिहून ठेवायचं.

नऊ वर्षं रजिस्टरं लिहून बोटं झिजवली मनीषाने, आणि कौतुक मात्र नव्या योगिनीचं. मखमलाबादच्या मळ्यातला एक गुलाब हिने रोज साहेबांच्या टेबलावर ठेवला की झालं!

मंगळवारी योगिनीने भरलेल्या चाळीस नोंदी उडाल्या. साहेबांनी मनीषाला बोलावून पडदा दाखवला. प्रत्येक ओळीत तेच होतं, 'कोणी खोडलं: मनीषा.'

"साहेब, मी हातसुद्धा लावला नाही!"

ते खरंच होतं. तिने फक्त मनातल्या मनात म्हटलं होतं, हिचं सगळं काम मातीत जाऊ दे.

बुधवारी ती दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून कॉम्प्युटरसमोर बसली. मागे साहेबांच्या टेबलापाशी योगिनी खळखळून हसत होती. मनीषाच्या मनात यायचं ते आलंच.

पडद्यावर नवी ओळ उमटली. 'खोडलेली नोंद: योगिनी. कोणी खोडलं: मनीषा.'

मागचं हसू अर्ध्यातच तुटलं.

"मनीषाताई," साहेबांनी विचारलं, "हा गुलाब इथे कोणी ठेवला हो?"