खजुरांची हंडी

बसऱ्यात देवीची साथ पसरल्याची खबर गलबताआधीच आगरदांड्याला पोचली. गलबत नांगरलं आणि धक्क्यावर भांडण पेटलं. “जाळून टाका!” शेजारचा मुश्ताक ओरडला. “आपलीच माणसं हायत ती,” जैबुन्निसा कडाडली; तिचा लेक जलील गलबतावर होता. अखेर ठरलं, महिनाभर कुणी उतरायचं नाही. जेवण होडीतून न्यायचं, दोरानं चढवायचं. जैबुन्निसानं हंडी भरून भात धाडला. संध्याकाळी हंडी परतली ती खजुरांनी भरून, जलीलच्या रुमालानं तोंड बांधून. आलेलं भांडं रिकामं पाठवायचं नाही, हे तिनंच त्याला शिकवलं होतं. जलीलच्या लेकीला, फरिदाला, तिनं खजूर भरवले, त्याच रुमालानं तोंड पुसलं. महिन्यानं जलील उतरला, तोंडभर व्रण, पण जिवंत. हसून म्हणाला, “अम्मा, फरिदाला खजूर आवडले ना?” मुश्ताकनं कबरीच्या मातीनं माखलेलं फावडं पाठीमागे लपवलं.