मागचा दांडा

मागच्या सीटवर अंथरलेला जुना टॉवेल.

सीटच्या खिशात खोचलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या. प्रत्येक पिशवी फुंकर मारून तपासलेली, भोक नको म्हणून.

जिन्याखाली, सायकलींच्या मागे सरकवलेला लालभडक लोखंडी दांडा.

"आई, माझं पोट बिघडलेलंच जन्माला आलं का गं?"

बाबांच्या उजव्या तळहाताला बँडेज. पांढऱ्यावर काळ्या ग्रीसची बोटं.

दांडा बसला नव्हता.

गाडीच्या मागच्या दोन चाकांना जोडणारा असा एक दांडा असतो, वळणावर गाडी कलंडू नये म्हणून. आपल्या गाडीचा दांडा बारीक आहे, म्हणून गाडी झोके खाते, म्हणून पोरीला उलट्या होतात, असं बाबांनी ठरवून टाकलं होतं. त्याआधी ते म्हणत, पोट आईच्या घराण्यावर गेलंय. जाड दांडा मागवल्यावर घराणं सुटलं. "या खेपेला मावशीकडे जाताना बघ," ते मुलीला म्हणाले होते, "घरात सोफ्यावर बसल्यासारखं वाटेल, उलटीबाई."

उलटीबाई हे नाव त्यांनीच ठेवलेलं. ते ऐकून सगळे हसत. हल्ली मुलगीही हसायची, सगळ्यांच्या जरा मागून.

सगळं जुळवून पाहिलं होतं त्यांनी. मॉडेल, इंजिन, वर्ष. वर्ष मात्र नोंदणीचं धरलं. गाडी बनली होती त्याच्या आदल्या वर्षी, आणि मधल्या काळात कंपनीने दांडा पकडायची जागा बदलली होती. आज सकाळी गाडीखाली झोपून नवा दांडा वर धरला, तर भोकं चार बोटं अलीकडे. तोवर जुना दांडा कापून झाला होता. गंजलेले बोल्ट सुटेनात म्हणून ग्राइंडरने. तळहातही त्यातच कापला.

"दांड्याशिवाय गाडी चालते?" आईने विचारलं.

"चालते. पण डोलते. आज नको जायला."

"माझ्या ताईचं बाळ बघायचंय म्हणून पोरगी पहाटेपासून कपडे घालून बसलीये. मागच्या वेळी तिथे दारातच ओकली होती. तरी तयार झालीये, तू शब्द दिलास म्हणून. मी चालवते."

"तू? घाटात?"

"हळू चालवेन."

"तुझ्या हळूने बाळ शाळेत जायला लागेल."

आईने किल्लीसाठी हात पुढे केला.

मुलगी खाली आली. गाडीभोवती एक फेरी मारली. "दांडा लावला, बाबा?"

"बस, बस लवकर."

ती बसली.

बाबा मागे तिच्या शेजारी बसले, चांगल्या हातात पिशवी उघडी धरून. घाट सुरू झाला. वळण दिसायच्या आधीच आईचा पाय ब्रेकवर जात होता, आणि वळणात शिरेपर्यंत गाडी कधीच मंद झालेली असायची. मागून हॉर्न वाजले की ती बाजूला होऊन वाट द्यायची. बाबांनी घाटात आजवर कुणाला वाट दिली नव्हती.

मग बाहेरच्या बाजूला उतार असलेल्या एका वळणावर गाडी खरोखर कलली. चांगलीच. बाबांना ते बसल्या जागी कळलं, आणि बरं वाटलं. त्यांनी पिशवी मुलीच्या हनुवटीखाली नेली आणि वाट पाहिली.

ती झोपली होती. तोंड उघडं, डोकं त्यांच्या दंडावर.

आईने आरशातून एकदा मागे पाहिलं. बाबांनी पिशवीची घडी घातली. परत उलगडली. परत घातली.

मावशीच्या दारात गाडी थांबली तशी मुलगी उडी मारून उतरली. "मावशी, मला काही झालं नाही! मी झोपून आले! बाबांनी गाडीला नवा दांडा लावलाय, लाल!"

बाळाला खांद्यावर टाकून मावशी पायऱ्यांवर उभी होती. "बघा," ती म्हणाली, "आणि मी तुझ्यासाठी बादली काढून ठेवली होती."

"माझ्यात काहीच बिघाड नव्हता," मुलगी म्हणाली. "गाडीतच होता."

मावशीचा नवरा चपला सरकवत बाहेर आला. "वा, साडूबुवा. स्वतः बसवलात? हाताला लागलंय म्हणजे स्वतःच. बघू तरी कसा आहे."

"आधी चहा घेऊ या," आई म्हणाली.

"एक मिनिट." तो गुडघे टेकून बसला, मग पाठीवर आडवा झाला आणि छातीपर्यंत गाडीखाली सरकला. मुलगीही पलीकडच्या बाजूने उकिडवी बसली, त्याला दाखवायला.

 बाबा डिकीकडे गेले, डिकी उघडली आणि उगाच आत पाहत राहिले.

"अहो," गाडीखालून आवाज आला, "इथे तर काहीच नाही. जुनाही नाही."

मुलगी आणखी खाली वाकली, हात जमिनीला टेकवून. गाडीखालून तिला पलीकडे आईच्या चपला दिसल्या, आणि मागच्या बाजूला बाबांचे बूट. चपला हलल्या. बूट हलले नाहीत.

तिला पहिली उलटी झाली होती ती या गाडीत नाही, मावशीच्या नवऱ्याच्या मोठ्या गाडीत. ती गाडी त्या दिवशी बाबांनी हौसेने चालवायला मागून घेतली होती.